बत्तिसावं ताट

अर्धापूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कमल,

सप्रेम नमस्कार. तुला फोन लावावा तर तो गोठ्यातल्या खिळ्याला टांगलेला असतो, आणि तो वाजल्याचं कळतं ते फक्त जनावरांना. म्हणून हे पत्र आणि सोबत केळीचा एक घड. दोन्ही खाजाभाईंच्या टेम्पोतून येतंय. खाजाभाई आमच्याच गावचे, आठवड्यातून दोनदा उदगीरच्या बाजारात केळी टाकतात, तिथून तुमचं गाव जवळच. त्यांची तबस्सुम माझ्याकडे सातवीत आहे. तुझं उत्तरही त्यांच्याच हाती दे.

आता कामाचं. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर डोंगर, तलाव आणि माळरान काढलं, पण मुलांना नेऊन दाखवलं नाही. आमच्या पोरांना केळीच्या बागेपलीकडचं रान ठाऊक नाही. जायच्या आधी सातवीच्या तीस मुलांना तीन दिवस उघड्यावर नेऊन शिकवायचं, एवढी एकच इच्छा उरलीय. तुमच्या मठाचं माळरान, तलाव, देवणी जनावरं आणि तू चालवतेस ते निसर्ग शिबिर, याहून चांगली जागा मला सुचत नाही.

अडचण एकच. शाळा सरकारी आणि जागा मठाची. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या सहलीत मुलांकडून आरती म्हणवून घेतली म्हणून तक्रार झाली आणि मुख्याध्यापकांना महिनाभर खुलासे लिहावे लागले. म्हणून अटींचा कागद जोडलाय. मुलांना विभूती लावू नये, जेवणाआधी मंत्र नको, प्रवचन नको. शिबिराच्या जागेत धार्मिक चिन्हं, तसबिरी, नावं काही दिसू नये, ही शेवटची अट मी माझ्याच मनाने घातली. ताकही फुंकून प्यायची सवय लागलीय, काय करू!

रागावू नकोस. लातूरच्या डी.एड. वसतिगृहात तू पहाटे लिंगपूजेला बसलीस की खोलीत कुणी घुसू नये म्हणून दारात बसणारी मीच होते, एवढं लक्षात ठेव.

तुझी
लता

*

देवणी
२७ नोव्हेंबर २०२४

लतास,

नमस्ते. (आमच्या मठातला नेहमीचा नमस्कार, शरणार्थ, लिहिणार होते, पण तुझ्या अटी आठवल्या.)

केळी पोचली. अर्धी गड्यांनी खाल्ली, अर्धी बैलांनी. खाजाभाईंना जेवायला बसवलं. त्यांना या दारची वाट आम्ही सांगायची गरज नाही.

दारात बसायचीस हे खरं, पण बसल्या बसल्या माझ्या डब्यातली शेंगाची चटणी कोण संपवायचं, तेही लिहायचं होतंस. पहिल्या वर्षानंतर माझं लग्न लावून दिलं म्हणून मी मास्तरीण झाले नाही. तू माझ्या वाटचं अडतीस वर्षं शिकवलंस असं मी मनात धरून चालते. तेव्हा तुझी पोरं ती माझीच. घेऊन ये.

अटी चन्नबसप्पांना वाचून दाखवल्या. मठाचा सगळा कारभार त्यांच्याकडे आहे, ऐंशीला टेकले तरी गोठ्यापासून कोठीपर्यंत नजर त्यांचीच. शेवटची अट ऐकून म्हणाले, "कमलव्वा, आपल्याच घरात आपण चोरावानी ऱ्हायाचं का?" मी म्हणाले, "अप्पा, मैत्रिणीची नोकरी हाय. सहा महिने ऱ्हायलेत. कुणी एक कागद लिवला तर तिची पेन्शन अडंल." कागद माझ्या हाती परत दिला आणि मान डोलवून "हाव" म्हणाले. सगळ्या अटी मान्य आहेत, माझ्या भरवशावर.

किती ताटं लागतील ते नेमकं कळव. आमच्या मठात येणाऱ्याचं ताट मोजून मांडतात, आणि मांडलेलं ताट रिकामं उचलत नाहीत.

तुझी
कमल

*

अर्धापूर
१६ डिसेंबर २०२४

प्रिय कमल,

परवानगी आली! १७ ते १९ जानेवारी. ताटं बत्तीस. तीस मुलं, एकतिसावे आमचे तरुण शिक्षक सोमेश सर आणि बत्तिसावी मी.

पालकांच्या संमतीपत्रांवर सह्या घ्यायला घरोघर फिरले. खाजाभाईंकडे जायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मठ म्हटल्यावर ते काय म्हणतील, याची धास्ती होती. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि घसा खाकरून विषय काढला. ते हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, उदगीरला माल टाकला की दहा वर्षांपासून मी तिथंच जेवून राहिलो. तुम्ही मला मठाचं काय सांगून राहिल्या? पोरगी पहाटं उठती, तिला धारा बघू द्या, बस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षं जेवणाऱ्या माणसाला मी अटींचा कागद वाचून दाखवत होते! तूही काही बोलली नाहीस. असो, कागद आता कार्यालयात गेलाय, अटी तशाच राहू देत.

मुलांनी आत्तापासून पिशव्या भरायला घेतल्यात. एकाने बैलासाठी म्हणून चार केळी पिशवीत घातली आहेत. जानेवारीपर्यंत त्यांचं काय होईल, ते त्याला अजून समजलेलं नाही.

तुझी
लता

*

अर्धापूर
२४ जानेवारी २०२५

प्रिय कमल,

परत येऊन पाच दिवस झाले, पण वर्ग अजून माळावरच आहे. कालपर्यंत गाय म्हणजे गाय म्हणणारी पोरं आता रस्त्यातल्या जनावरांकडे बोट दाखवून वाद घालतात. काळ्या तोंडाचा तो वानेरा, पांढरा फटक तो बालंक्या, काळ्या ठिपक्यांचा तो शेवरा. तलावाची खोली बांबूने मोजली ते वहीत लिहून झालं. विहिरीच्या कडेला मातीचे थर दिसले, त्याचं चित्र अक्षरा नावाच्या मुलीने इतकं सुरेख काढलंय की ते मी फळ्याशेजारी लावलं. अडतीस वर्षांत मी जे बोलून शिकवलं ते तुझ्या रानाने तीन दिवसांत शिकवलं. कमल, मी फार आनंदात आहे.

आणि तो तुमचा राजा बैल! दुसऱ्या दिवशी तलावाच्या पायवाटेवर आडवा बसला तो बसलाच. तीस पोरं "राजा, राजा" म्हणून ओरडली, केळी दाखवली, तरी त्याने कान हलवला नाही. तू आलीस, वाकून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलीस आणि पठ्ठ्या लगेच उठला. काय सांगितलंस त्याला? सोमेश सर म्हणतात, अम्मांना बैलांची भाषा येते.

पंगतीची मात्र मला फार धाकधूक होती. कुणाला काय सोसेल, कोण कुणाशेजारी बसेल, सगळ्यावर नजर ठेवायची. म्हणून तिन्ही दिवस मी उभ्या उभ्याच दोन घास तोंडात टाकले. तूही मला थकलेली वाटलीस. ताप होता का गं? चेहरा उतरलेला आणि कसा ओका ओका दिसत होता. गडबडीत विचारायचं राहून गेलं.

आता एक मागणं आहे. मी मेमध्ये गेल्यावर हे बंद पडू नये. शाळा आणि मठ यांच्यात तीन वर्षांचा करार करू, म्हणजे दर जानेवारीत सातवी येईल. सोमेश सर पुढे सांभाळतील. कागद सोबत पाठवतेय. चन्नबसप्पांची सही झाली की मी सुखाने घरी बसेन.

तुझी
लता

*

देवणी
६ फेब्रुवारी २०२५

लतास,

नमस्ते. मुलं गेल्यापासून इथं करमत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं.

करार जमणार नाही. पुढच्या वर्षी शिबिरही नको असं ठरलंय. पाण्याची अडचण आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

कागद सहीविना परत पाठवते.

कमल

*

अर्धापूर
१२ फेब्रुवारी २०२५

कमल,

पाण्याची अडचण! जानेवारीत तलाव काठोकाठ होता. बांबू बुडाला होता, तीस वह्यांमध्ये त्याची नोंद आहे. खोटं बोलायचं तर तीस साक्षीदार नसलेलं तरी बोलावं.

खरं कारण मला कळतंय. आमची पोरं तांड्यावरची, वस्तीवरची, मोहल्ल्यातली. सगळी एका रांगेत बसली. पहिल्या पंगतीला तुमचे चन्नबसप्पा दाराशी उभे होते, त्यांचा चेहरा मी पाहिला. रांगेवरून त्यांची नजर फिरली आणि कपाळाला आठ्या पडल्या, आणि ते निघून गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं हे तुमच्याकडे आठशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, असं वसतिगृहात तूच मला ऐकवायचीस. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

त्यांचं सोड. तू पाण्यावर ढकललंस, याचं मला जास्त वाईट वाटतं.

लता

*

अर्धापूर
२८ मार्च २०२५

प्रिय कमल,

मी चुकले. आधी हे लिहिते, बाकीचं नंतर.

माझ्या त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. खाजाभाई बारा वेळा उदगीरला जाऊन आले, बाराही वेळा रिकाम्या हाताने. विचारलं तर म्हणायचे, "अम्मा बऱ्या हायत, जेवू घालतात, तुमचं नाव काढलं की उठून आत जातात." तरी माझा राग उतरला नव्हता.

काल परीक्षेचे गुण द्यायला शिबिराच्या निरीक्षण वह्या काढल्या. जानेवारीत तलाव आणि मातीची पानं तेवढी पाहिली होती, "मला काय वेगळं दिसलं" हे शेवटचं पान राहून गेलं होतं. तबस्सुमचं ते पान जसंच्या तसं उतरवते.

"मला पहाटे उठायची सवय आहे. धार काढायला गेले तेव्हा कमलअम्मा गोठ्याच्या मागे बसल्या होत्या. त्यांनी हातात काहीतरी धरून पूजा केली. कपाळाला पांढऱ्या राखेच्या तीन रेघा ओढल्या. मग राजा बैलाच्या कपाळाला कपाळ लावलं आणि त्याला बसवण्णा म्हणाल्या. तो लगेच उठला. मग पदराने रेघा पुसल्या. मी विचारलं, का पुसल्या? त्या म्हणाल्या, तुझ्या बाईंनी पाहिलं तर ओरडतील. मी म्हणाले, आमच्या बाई ओरडत नाहीत. त्या म्हणाल्या, तू कुणाला सांगू नको. मी सांगितलं नाही. फक्त लिहिलं आहे. बैलाचं खरं नाव बसवण्णा आहे."

खुर्चीवर बसूनच राहिले. सोमेश सरांनी पाणी आणून दिलं. चेहरा ओका दिसतो असं मी लिहिलं होतं ना तुला? चाळीस वर्षं ज्या कपाळावर तीन रेघा पाहिल्या, तिथे काही नाही एवढंही मला दिसलं नाही. मी ताप आहे का म्हणून विचारलं! तुझे यजमान गेले तेव्हा तुझं कुंकू गेलं, विभूती मात्र राहिली होती. ती तुला माझ्यामुळे पुसावी लागली. मुलांना लावू नका एवढंच मला म्हणायचं होतं गं. पण कागदावर मी काय लिहिलं, ते वाचणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार केला नाही. तू अक्षर न् अक्षर पाळलंस. बैलाचं नावसुद्धा बदललंस.

तुझ्या पूजेच्या वेळी मी दारात बसायचे, असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं मी. आणि तू या वयात माझ्यापासून लपून गोठ्यामागे पूजा केलीस. मला फार लाज वाटते, कमल.

चन्नबसप्पांनी करार का नाकारला, हेही आता समजलं. त्यांच्या आठ्या मुलांना पाहून नव्हत्या, तुझं कपाळ पाहून होत्या. आणि मी त्यावरून काय काय लिहून बसले. त्यांचे पाय धरायला येणार आहे.

करार होवो न होवो, अटींचा नवा कागद मी शाळा समितीपुढे ठेवला. मुलांना काही लावू नये आणि म्हणायला लावू नये, हे तसंच आहे, ते असायलाच हवं. शेवटची अट खोडली. तिथे लिहिलंय, "यजमानांनी एरवी असतात तसंच असावं." पहिली सही खाजाभाईंनी केली.

दोन ओळी तरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझी
लता

*

देवणी
९ एप्रिल २०२५

लते,

शरणार्थ.

हा शब्द लिहून पेन खाली ठेवलं आणि आधी पोटभर रडून घेतलं. आता लिहिते.

तू काही पुसायला लावलं नाहीस. मी पुसलं. तुझी अडतीस वर्षं माझ्या तीन रेघांपायी अडकू नयेत, एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं असतं तर तू शिबिरच रद्द केलं असतंस, मी ओळखत नाही का तुला? ती पोरगी मात्र वस्ताद निघाली. कुणाला सांगू नको म्हटलं तर लिहून ठेवलं! तिला पैकीच्या पैकी गुण दे.

फेब्रुवारीतल्या पत्राने मात्र जीव दुखावला होता, ते लपवत नाही. चुलीत घालायला निघाले होते. मग घडी करून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं, फोनशेजारी.

तुझं आताचं पत्र चन्नबसप्पांना वाचून दाखवलं. नवी अट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "बाई इमानदार हाय. पर तिचं निम्मंच बरोबर हाय." माझं रिकामं कपाळ त्यांना सहन झालं नाही, हे खरं. करार त्यापायीच मोडला. पण त्या दिवशी पंगतीकडे बघून ज्या आठ्या पडल्या, त्या कशापायी ते तुला आजही कळलेलं नाही.

ताटं बत्तीस मांडली होती. तीस मुलं बसली. वस्तीवरची, तांड्यावरची, खाजाभाईंची, सगळी मांडीला मांडी लावून बसली. सोमेश सर मध्ये बसले, तिसऱ्यांदा आमटी मागून घेतली. बत्तिसावं ताट रिकामं राहिलं. अप्पा त्या ताटाकडे बघत होते. तिन्ही दिवस पंगतीत बसलं नाही असं एकच माणूस होतं, लते. ती तू.

तू पोरांवर नजर ठेवत होतीस, मला माहीत आहे. अप्पांना कसं माहीत असणार? "बामणाच्या बाईला आपल्यात बसाया नको वाटलं असंल," असं म्हणाले, त्यावर मी त्यांच्याशी भांडले. तुला सांगितलं नाही, कारण तुला लागलं असतं. तू त्यांच्या चेहऱ्यावर नको ते वाचलंस, त्यांनी तुझ्या उभं राहण्यात नको ते वाचलं. मी मध्ये बसून दोघांपासून खरं लपवत राहिले. शहाणी कोण, सांग! ते ताट रिकामं उचलायचं नाही म्हणून तिन्ही दिवस मागाहून मीच त्यावर जेवले.

करारावर सही झाली. कागद सोबत आहे, तीन वर्षांचा. मठाच्या बाजूने अप्पांनी एकच अट घातली, ती त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात खाली लिहिली आहे. वाच म्हणजे कळेल.

बसवण्णाचं ऐक. तेव्हा केळीला न भुलणारा आता पुरता बिघडलाय. खाजाभाई येता-जाता त्याला "राजा" म्हणून केळी चारतात, तेव्हापासून बसवण्णा म्हटलं की नुसता बघतो आणि राजा म्हटलं की पळत येतो. परवा गावच्या बायांसमोर अप्पांना स्वतः "ये रं राजा" म्हणावं लागलं. तुझ्या अटींनी कुणाचं भलं झालं असेल तर त्याचं.

एकतीस मेला तुझा सत्कार होईल, शाल-नारळ मिळेल, भाषणं होतील. दुसऱ्या दिवशी खाजाभाईंच्या टेम्पोत बस आणि इकडे ये. अप्पांचे पाय धरायचे तर धर, ते धरू देणार नाहीत. पहाटे मी पूजेला बसले की दारात बस, चटणीचा डबा देईन हातात.

आणि जेवताना खाली बस. अप्पांची अट तीच आहे. बत्तिसावं ताट मी मांडून ठेवते.

तुझीच
कमल